पोलिसांची मोटारसायकल : तिची चाकरी आणि तिची झीज

गोव्यात ‘पायलट’ हा शब्द दोन प्रकारच्या माणसांना लावला जातो. बाजारात किंवा बसथांब्यापाशी पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीवर बसून उतारूची वाट पाहणारा परवानाधारक चालक हा एक पायलट. मंत्र्यांच्या किंवा परदेशी पाहुण्यांच्या मोटारीपुढे भोंगा वाजवीत वाट मोकळी करून देणारा पोलीस शिपाई हा दुसरा. दोघांच्या मांडीखालचे यंत्र पुष्कळ वेळा एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले असते. चाकरी मात्र निराळी. म्हणून त्या दोन यंत्रांची झीजही निराळी. पोलिसांच्या मोटारसायकलीविषयी बोलताना तिचा वेग, तिचा रुबाब, संचलनातील तिची ऐट यांचे वर्णन नेहमी होते. ती झिजते कशी आणि तिची झीज कोण भरून काढतो, हा त्या इतिहासाचा दुर्लक्षित भाग होय. वस्तुतः मदतीस निघालेला शिपाई वेळेवर पोहोचेल की नाही, आणि काम आटोपून सुखरूप घरी परतेल की नाही, हे पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते.

मोटारसायकल पोलिसांच्या हाती आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कारखान्याने आपली पहिली पोलिसी मोटारसायकल १९०८ साली डेट्रॉइट शहराला विकली, असे त्या कारखान्याचा इतिहास सांगतो. १९११ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी मोटारसायकलींवरून गस्त सुरू केली. कारण साधे होते. रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या होत्या आणि भरधाव पळणाऱ्या मोटारीला घोड्यावरचा अथवा सायकलीवरचा शिपाई गाठू शकत नव्हता. घोड्याला वैरण लागते, खरारा लागतो, विश्रांती लागते. यंत्राची तशी काही मिजास नसते, असे तेव्हा वाटले असल्यास नवल नाही. यंत्रालाही त्याची वैरण आणि त्याचा खरारा लागतो, ही गोष्ट अनुभवानेच कळावयाची होती.

पोलिसांचे काम आणि यंत्राची घडण यांचा मेळ कसा घालावा, याचा एक चांगला दाखला इंग्लंडमध्ये सापडतो. वेलोसेट या कारखान्याने १९४८ साली ‘एलई’ नावाची एक लहानशी मोटारसायकल काढली. तिचे इंजिन पाण्याने थंड होणारे होते. मागच्या चाकाला उघड्या साखळीऐवजी बंदिस्त दांड्यातून गती मिळे. आणि ती इतकी मुकाट चाले की रात्रीच्या गस्तीवर तिची चाहूलही लागत नसे. सामान्य गिऱ्हाइकाने तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, पण इंग्लंडमधील अनेक पोलीस दलांनी ती उचलली. वरिष्ठ अधिकारी समोरून आला तर हँडल सोडून सलाम ठोकणे धोक्याचे. म्हणून नुसती मान लववावी अशी मुभा शिपायांना मिळाली आणि त्यावरून तिला ‘नॉडी’ हे टोपणनाव पडले, असे सांगतात. तो किस्सा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी उरते. गस्तीची गाडी ताशी दहा-पंधरा मैलांनी तासन् तास रेंगाळणार, हे ओळखून तिथे यंत्र निवडले गेले होते.

भारतात निवड झाली ती वेगळ्या गरजेतून. स्वातंत्र्यानंतर सैन्याला सीमेवरील खडबडीत वाटांवर टिकेल अशी मोटारसायकल हवी होती. ती गरज इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याच्या ‘बुलेट’ने भागविली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सहभागाने ‘एन्फील्ड इंडिया’ ही कंपनी उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे आरंभी इंग्लंडहून आलेले भाग जोडून गाड्या तयार होत. १९६२ च्या सुमारास सारे भाग येथेच बनू लागले. सैन्यामागोमाग देशभरच्या पोलीस दलांनीही बुलेट स्वीकारली. कोलकात्याचे सार्जंट आणि त्यांच्या लाल बुलेट ही तर त्या शहराची ओळखच होऊन बसली.

या बुलेटचे इंजिन एका सिलिंडरचे, ३४६ घनसेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब असल्याने मंद गतीतही ओढ चांगली, चढावर दम टिकतो; पण दीडशे किलोहून अधिक वजनाच्या त्या गाडीतली थरथर चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचते आणि नटबोल्ट हळूहळू सैल करते. बुलेटचा सर्वांत मोठा गुण मात्र कारखान्याच्या बाहेर दिसला. वर्षानुवर्षे तिची मूळ घडण फारशी बदलली नाही. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास लयाला गेली, तरी मद्रासची गाडी चालतच राहिली. एका गाडीचा भाग दुसरीला बसे, आणि तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही तिचे पोट उघडून पुन्हा शिवू शके. परदेशी सुट्या भागांना आयात-परवाना लागे त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

गोव्याचा रस्ता या गाडीला परका वाटण्याचे कारण नव्हते. पोर्तुगालने १९२८ साली वाहने उजव्या बाजूने चालविण्याचा नियम केला. पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्याने गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, पत्रादेवीच्या सीमेवर, १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर सीमा बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ती वाट पुन्हा खुली झाली. मुंबईचा महामार्ग आज तिथूनच गोव्यात शिरतो. ज्या रस्त्यावर सहा वर्षे शुकशुकाट होता, तिथे मालमोटारी आल्या, बसगाड्या आल्या, पर्यटक आले. आणि त्यांच्यामागे वाहतूक नियंत्रणाचे काम आले.

पेडणे तालुका मोटारसायकलीची कसोटी पाहणारा आहे. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. शापोऱ्याच्या मुखाशी, उत्तर तीरावर मोरजी हे गाव वसले आहे. श्री मोरजाई ही तेथील ग्रामदेवता. मोरजीपासून आश्वे, मांद्रे, हरमल, केरी अशी किनाऱ्याकिनाऱ्याने गावांची माळ तेरेखोलच्या किल्ल्यासमोर जाऊन थांबते. शिवोली आणि चोपडे यांना जोडणारा पूल होण्यापूर्वी बार्देशातून या बाजूस येणाऱ्याला फेरीबोटीशिवाय गत्यंतर नव्हते. बोटीचा उतार खाडीच्या पाण्यात बुडालेला असे. त्यावरून मोटारसायकल चढविता-उतरविताना चाकांना खाऱ्या पाण्याचे स्नान घडे आणि तेच पाणी आऱ्यांच्या बुडाशी, ब्रेकच्या पत्र्याखाली, साखळीच्या कड्यांत मुरून बसे.

खाऱ्या हवेचा हा मारा पूल झाल्याने थांबलेला नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर खारट पाण्याचा पातळ थर राहतो आणि गंज आपले काम चालू ठेवतो. चकचकीत मुलामा दिलेल्या रिमवर प्रथम टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. तेवढे पुसून गाडी संचलनाला उभी करता येते. पण तोवर टायरच्या आतल्या बाजूने रिम सोलवटू लागलेली असते. क्लचची आणि ब्रेकची तार बाहेरून धड दिसते, आतून एकेक धागा तुटत जातो. ती तार शेवटी तुटते, ती नेमकी जोराने दाबण्याची वेळ येते तेव्हाच. कारण तेव्हाच तिच्यावर सर्वाधिक ताण असतो.

पेडण्याहून आत डिचोलीकडे वळले की खारा वारा मागे पडतो आणि धूळ सामोरी येते. डिचोलीच्या खाणपट्ट्यात लोहखनिज वाहणाऱ्या मालमोटारींच्या रांगा अनेक वर्षे धावल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणकाम थांबले, तो काळ सोडला तर त्या रस्त्यांनी लाल धुळीशिवाय दुसरे काही पाहिले नाही. ही धूळ साखळीवरील ग्रीसमध्ये मिसळते तेव्हा वंगणाचे वंगणपण जाते आणि त्याची जणू कानस होते. शंभर कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांधा केवळ एक दशांश मिलिमीटर झिजला, तरी साखळी एक सेंटिमीटरने लांबते. लांबलेली साखळी दात्यांवर नीट बसत नाही. दाते बाकदार होतात आणि मग नवी साखळी घातली तरी जुने दाते तिला महिन्या-दोन महिन्यांत जुनी करून टाकतात. म्हणून जाणता मिस्त्री साखळी आणि दातेरी चाके एकदमच बदलावयास सांगतो. हिशेबनीसाला तो खर्च अकारण वाटतो.

परंतु मीठ आणि धूळ हे सर्वांचेच शत्रू होत. भाड्याच्या पायलटची गाडीही त्याच वाऱ्यात उभी असते. पोलिसांच्या गाडीची खास झीज निराळीच आहे. ती होते गाडी जागच्या जागी उभी असताना.

पेडण्याची पुनव असो, जुने गोव्याचे फेस्त असो, शिगम्याची मिरवणूक असो किंवा एखाद्या बड्या पाहुण्याची स्वारी असो, पोलिसांची मोटारसायकल इंजिन चालू ठेवून वाट पाहते किंवा माणसाच्या चालीने सरकते. तिचे इंजिन वाऱ्याने थंड होणारे असते. वारा लागतो तो गाडी धावते तेव्हा. उभ्या गाडीला तो कोठून मिळणार? एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन तापते, तेल पातळ होते, आणि पावलापावलाने पुढे सरकताना क्लच अर्धा दाबून धरावा लागत असल्याने त्याच्या तबकड्या जळू लागतात. दिवे आणि बिनतारी संच बॅटरीतून वीज ओढत असतात. जुन्या गाड्यांतील डायनॅमो मात्र मंद गतीत पुरेशी वीज निर्माण करीत नसे. परिणामी मिरवणूक संपल्यावर शिपायाने किक मारावी आणि गाडीने नुसता खोकला काढावा, असा प्रसंग ओढवे.

या झिजेचा हिशेब आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. जुन्या बुलेटचे इंजिन उभ्या जागी मिनिटाला १,००० फेरे घेते असे धरले, तर तासाभरात ते ६०,००० फेरे घेईल. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन ९० मिलिमीटर खाली जातो आणि तेवढाच वर येतो. म्हणजे गाडी एक इंचही न हलता पिस्टन तासाभरात जवळजवळ अकरा किलोमीटर सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. एवढ्याच फेऱ्यांत तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर गेली असती, आणि तीही वाऱ्याने गार होत. किलोमीटर मोजणारा काटा मात्र चाकाला जोडलेला असतो. चाक फिरले नाही, तर काट्याच्या लेखी काहीच घडले नाही. वेळापत्रकाप्रमाणे अमुक किलोमीटरनंतर तेल बदलावयाचे असेल, तर मिरवणुकांत राबलेल्या गाडीचे तेल काळे होऊनही तिची पाळी येत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. भाड्याचा पायलट स्वतःच्या गाडीवर पोट भरतो. आवाजात किंचित फरक पडला तरी तो त्याच्या कानाला कळतो, कारण तो आवाज रोजचा आहे. पोलिसांची गाडी पाळीपाळीने अनेकांच्या हाती जाते. कोणी क्लच सावकाश सोडतो, कोणी झटकन. कोणी गिअर पायाने हळू दाबतो, कोणी लाथ मारतो. सकाळच्या शिपायाला जाणवलेली खुट्खुट संध्याकाळच्या शिपायाला सांगितली जातेच असे नाही. आणि संध्याकाळच्याला ती नवीनच वाटते किंवा त्या गाडीचा स्वभावच वाटते. जुन्या काळी यात आणखी एक धोका होता. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. म्हैसूरला तयार होणारी जावा किंवा एस्कॉर्ट्‌सची राजदूत यांत ही व्यवस्था उलट होती. आज बुलेट आणि उद्या राजदूत चालविणाऱ्या माणसाचा पाय आणीबाणीच्या क्षणी सवयीच्या बाजूला गेला, तर दोष पायाला देऊन काय उपयोग?

जावा आणि राजदूत यांची इंजिने दोन धावांची होती. त्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. वेगाने धावताना ती चपळ. पण मंद गतीत रेंगाळली की तेल पुरते जळत नसे, प्लगवर काजळी धरे आणि धुराची नळी आतून चोंदून जाई. म्हणजे पुन्हा तेच. गाडी वाईट नव्हती. तिला दिलेले काम तिच्या प्रकृतीचे नव्हते.

पावसाळ्यात या साऱ्यावर कळस चढतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. जुन्या पद्धतीच्या ब्रेकच्या ढोलात पाणी शिरले की पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, आणि पाणी सुकले की एकाएकी पकडतो. जांभ्याच्या लाल चिखलावर हे दोन्ही प्रकार सारखेच घातक. अपघाताची बातमी वळणावर वा वेगावर बोट ठेवते. गुळगुळीत झालेला टायर आणि संपत आलेले ब्रेकचे अस्तर यांचा उल्लेख क्वचितच होतो.

पुढे गाड्या बदलल्या. १९८० च्या दशकात जपानी तंत्राच्या हलक्या मोटारसायकली आल्या. दोन धावांची इंजिने हळूहळू मागे पडली. पुढच्या चाकाला तबकडीचे ब्रेक आले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना चाक अडकून घसरू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली, आणि २०२० पासूनच्या नव्या नियमांमुळे कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या विजेच्या यंत्रणेने घेतली. चालकाचा जीव यामुळे अधिक सुरक्षित झाला, हे निःसंशय. तथापि खाऱ्या हवेला आता नवे भक्ष्य मिळाले आहे : तारांचे जोड, संवेदक, तांब्याच्या बारीक पट्ट्या. पूर्वीचा मिस्त्री कानाने रोग ओळखी. आजच्याला त्यासोबत तपासणीचे यंत्रही हाती लागते, आणि ते वापरण्याचे शिक्षणही.

किनाऱ्यावर तर नव्या यंत्राचीही मर्यादा उघड होते. मोरजीच्या टेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. १९९० च्या दशकापासून वनखाते आणि गावकरी यांनी मिळून त्यांचे रक्षण चालविले आहे. वाळूतून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. समुद्रावरचा उजेड हाच त्यांचा वाटाड्या. अशा ठिकाणी मोटारसायकलीच्या दिव्याचा एक झोत त्यांना जमिनीकडे वळवून मृत्यूच्या वाटेला लावू शकतो आणि चाकाखाली अंड्यांचा चेंदा होऊ शकतो. म्हणून किनाऱ्यावर वाहनाला मज्जाव आहे. गस्तीच्या शिपायानेही गाडी माडांखाली उभी करावी, दिवा मालवावा आणि पायी पुढे जावे, हेच योग्य. यंत्राच्या दृष्टीनेही ते हिताचे, कारण वाळूइतका साखळीचा वैरी दुसरा नाही.

सरकारी वाहन निकालात काढताना प्रायः दोन गोष्टी पाहिल्या जातात : वर्षे किती झाली आणि किलोमीटर किती झाले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणीच चालू राहत नाही. हे नियम आवश्यक आहेत; पण ते गाडीचे वय सांगतात, तिने काय सोसले ते सांगत नाहीत. मोरजीच्या किनाऱ्यावर पाच वर्षे काढलेली गाडी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी पाच वर्षे काढलेली गाडी कागदावर समवयस्क ठरतात. त्यातून दोन्ही बाजूंनी नुकसान होते. धडधाकट गाडी भंगारात जाते आणि आतून पोखरलेली गाडी रस्त्यावर राहते.

याला फार मोठा खर्चिक उपाय लागत नाही. गाडीच्या नोंदवहीत किलोमीटरांबरोबर इंजिन किती तास चालले याचाही रकाना असावा. शेतातील ट्रॅक्टरची आणि बांधकामावरील यंत्रांची देखभाल तासांच्या हिशेबानेच होत आली आहे. किनाऱ्यावरच्या ठाण्यातील गाडी दर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, साखळीला तेल देऊन ठेवावी आणि त्या अर्ध्या तासाला कर्तव्याचाच भाग मानावे. पाळी बदलताना एका शिपायाने दुसऱ्याला किल्ली देताना गाडीची तक्रारही सांगावी आणि ती लिहून ठेवावी. घोडदळात स्वार घोड्याआधी जेवत नसे, अशी शिस्त सांगतात. त्या शिस्तीला कोणी हलके काम म्हटले नाही.

पत्रादेवीपासून तेरेखोलपर्यंतचे रस्ते आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. मोपा येथील विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाल्यापासून पेडण्यातून पाहुण्यांच्या स्वाऱ्या वाढल्या आहेत आणि किनाऱ्याकडे जाणारी वाहनेही. त्या गर्दीतून वाट काढीत कोणा जखमीकडे, कोणा बुडणाऱ्याकडे प्रथम पोहोचणारा माणूस पुष्कळदा मोटारसायकलीवरचा शिपाईच असतो. त्याच्या छातीवरील बिल्ला सर्वांना दिसतो. परिवहन विभागाच्या छपराखाली तेलकट हातांनी त्याची ब्रेकची तार वेळीच बदलणारा मिस्त्री कोणाला दिसत नाही. परंतु ती तार बदलली गेली नसेल, तर बिल्ल्याचा काही उपयोग होत नाही.